मूरहेनची दुसरी बाजू

बोटीची एक बाजू रंगवणं अगदी सोपं असतं. काठच्या वाटेवर स्टूल मांडायचं, रेडिओ लावायचा आणि ब्रश चालवायचा. खरा प्रश्न दुसऱ्या बाजूचा. ती पाण्याकडे असते. घराची मागची भिंत रंगवायची तर माणूस वळसा घालून मागे जातो. बोटीत राहणाऱ्या बाईला तशी सोय नाही. तिला अख्खं घर उलटं फिरवावं लागतं आणि माझं घर सत्तावन्न फूट लांब आहे.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नऊ वर्षं मी कालव्यावर काढली आहेत. पण रंगाचा डबा हातात आला की माणसाची अक्कल झाकणाबरोबर बाजूला पडते.

रंगवायचं कारण ग्लेनिस. मूरहेन, म्हणजे माझी बोट, आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. सुकाणू तिच्याकडे, लॉकचे दरवाजे माझ्याकडे. लॉक म्हणजे बोटीला वरच्या किंवा खालच्या पाण्यात नेणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. नऊ वर्षं आम्ही दोघींनी इंग्लंडचा मधला भाग ताशी तीन मैलांच्या वेगाने पालथा घातला. आणि मग त्रेसष्टाव्या वर्षी ग्लेनिस एका बॅरोमीटर जमवणाऱ्या गृहस्थाच्या प्रेमात पडली! क्लाइव्ह त्यांचं नाव. त्यांचा बंगला आहे. बंगल्यात हवा सांगणारे चौदा बॅरोमीटर आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

जाताना ग्लेनिस म्हणाली, "हेझल, एकटीला नाही जमायचं गं तुला. बंगल्यातली मागची खोली रिकामीच आहे. हिवाळ्याच्या आत येशील बघ."

"बघूच," मी म्हटलं.

मूरहेनचा निळा रंग ग्लेनिसच्या आवडीचा. तो तिने स्वतःच्या हाताने लावलेला. तिची गाडी पुलापलीकडे दिसेनाशी झाली त्याच दुपारी मी गडद हिरव्या रंगाचे दोन डबे आणले. याला कोणी सूड म्हणेल. मी नूतनीकरण म्हणते.

काठाकडची बाजू आठ दिवसांत झाली. नाव घासून काढलं. बोटीचा नंबर असलेली पत्र्याची पट्टी स्क्रू काढून छपरावर ठेवली, ती उडू नये म्हणून तिच्यावर चहाचा मग ठेवला आणि बाजूने गेलेल्या भाड्याच्या बोटीच्या धक्क्याने मगासकट पट्टी कालव्यात गेली. नवी पट्टी मागवायला कालव्याच्या कचेरीला अर्ज केला. उत्तर आलं की अर्जासोबत बोटीचा ताजा फोटो जोडावा, फोटोत नंबरपट्टी स्पष्ट दिसावी.

मी स्वतः एकतीस वर्षं नगरपालिकेच्या घर खात्यात कारकुनी केली आहे. अशी पत्रं मी लिहिलेली आहेत. त्यामुळे मला राग आला नाही. व्यवसायबंधूंबद्दल थोडा आदरच वाटला.

अक्षरं रंगवणारी बाई तिच्या बोटीसह तीन आठवड्यांच्या अंतरावर होती, म्हणजे मोटारीने चाळीस मिनिटांवर. तेव्हा नावाचं काम पुढे ढकललं आणि दुसरी बाजू हाती घेतली. इथे टेरियर जातीचा कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ आले.

काठच्या वाटेवरून जाणाऱ्या पुरुषांना बोटीवर एकटी बाई दिसली की दोन प्रश्न पडतात. एक, "मिस्टर आत आहेत का?" आणि दोन, "हिवाळ्यात गारठत नाही का हो?" टेरियरवाले गृहस्थ हे दोन्ही प्रश्न रोज विचारत. उत्तर त्यांच्या लक्षात राहत नसे. त्यांच्या मेव्हण्याची एके काळी बोट होती. तेवढ्या भांडवलावर ते गेली कित्येक वर्षं उंटावरून शेळ्या हाकत आहेत.

"वळवताय कशाला?" ते म्हणाले. "माझा मेव्हणा हवा भरायच्या नावेत बसून रंगवायचा. अर्ध्या दिवसात काम खलास."

"जमायचं त्यांना?"

"मेव्हणा हो माझा!" ते म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण मी ते उत्तर म्हणून घेतलं.

हवा भरायची नाव आणली. तिच्यावर हसऱ्या मगरीचं चित्र होतं. मी तीत बसले, ब्रश बुडवला, बोटीला टेकवला आणि दाब दिला. बोट अठरा टनांची, मगर दीड किलोची. बोट जागची हलली नाही, मी मात्र मगरीसह समोरच्या काठाकडे निघाले. तिथल्या शेतात एक बैल आहे. त्याने गवत खाणं थांबवून मला पाहिलं. मी परत वल्हवत आले, पुन्हा ब्रश टेकवला, पुन्हा बैलाकडे गेले. चौथ्या खेपेला बैलाने पाठ फिरवली. इतकी मानहानी माझी घर खात्यातही कुणी केली नव्हती.

कोळशाची बोट चालवणारी नॉरीन त्याच वेळी तिथून जात होती. नॉरीन सत्तरीची आहे. सत्तर फुटांची कोळसा-डिझेलची बोट ती एकटी चालवते आणि शब्द फार जपून वापरते. तिने माझ्याकडे पाहिलं, मगरीकडे पाहिलं.

"वळव ना सरळ," ती म्हणाली आणि गेली.

वळवायचं म्हणजे वळायच्या डोहावर जायचं. कालव्यात इतकी लांब बोट कुठेही फिरत नाही. मैलोन्‌मैल गेल्यावर एखाद्या ठिकाणी काठ आत खणून जागा केलेली असते, तिथेच फिरते. सर्वांत जवळचा डोह अडीच मैल आणि चार लॉक पुढे. नऊ वर्षांत सुकाणू माझ्याकडे कधी आलेलं नव्हतं. सरळ जाणं मला जमू लागलं होतं. वळणं हे ग्लेनिसचं खातं होतं. तेव्हा मी तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकला. असे सहा आठवडे गेले.

नियम असा की आमच्यासारख्या बिनठिकाणाच्या बोटींनी दर चौदा दिवसांनी जागा बदलायची. ती मी त्याच लांबलचक शेतासमोर थोडी-थोडी पुढे सरकून इमानाने बदलत होते. कचेरीचा माणूस हातात यंत्र घेऊन काठाने हिंडतो आणि कुठली बोट कुठे आहे ते टिपतो. आमच्या भागात तो कॉलिन. सरळ, पापभीरू, पायात स्वच्छ बूट. एका सकाळी मी आत टोस्ट खात असताना खिडकीवर काहीतरी थपथपलं. बघते तर कॉलिन बाहेरून काचेवर नोटीस चिकटवत होता.

मी खिडकी उघडली. नोटीस त्याच्या हातात आली.

"गुड मॉर्निंग, मॅडम. ही बोट बेवारस आहे."

"मी आत बसलेय कॉलिन."

"ते दिसतंय," तो ओशाळून म्हणाला. "पण नाव नाही, नंबर नाही. आपण मालक का?"

"हो. ही मूरहेन."

त्याने यंत्रात पाहिलं. "मूरहेन निळी आहे, मॅडम. आणि ती सहा आठवड्यांपासून बेपत्ता आहे. तिचं लायसन्स या महिन्यात संपतंय. दिसली नाही तर नव्याने मिळायचं नाही."

"अरे बाबा, हीच ती. पलीकडून निळी आहे, नाव-नंबरासकट. आत ये, त्या खिडकीतून वाकून बघ."

"बोटीवर पाय ठेवायची आम्हाला परवानगी नाही."

"मग समोरच्या काठावरून बघ."

कॉलिनने समोर पाहिलं. बैलाने कॉलिनकडे पाहिलं.

"ती खाजगी जागा आहे," कॉलिन म्हणाला.

नोटीस वाचून मी थक्क झाले. अठ्ठावीस दिवसांत मालक पुढे न आल्यास सदर हिरवी बोट क्रेनने उचलून नेण्यात येईल. खाली हाताने लिहिलेली ओळ होती: सदर बोट बेवारस असूनही दर पंधरवड्याला जागा बदलते, ही बाब चिंताजनक आहे.

मी निळ्या बाजूचा फोटो काढून कचेरीला पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिकडून तत्परतेने उत्तर आलं: मूरहेन सापडल्याबद्दल अभिनंदन, ती कुठे उभी आहे ते कळवावे. मी कळवलं. दुसऱ्या दिवशी पत्र आलं की त्या जागी आमच्या नोंदीनुसार एक बेवारस हिरवी बोट उभी आहे आणि दोन बोटी शेजारी-शेजारी लावायला तिथे मनाई आहे, सबब मूरहेन ताबडतोब हलवावी.

आता माझ्याकडे दोन बोटी होत्या. एक बेपत्ता होऊन सापडलेली आणि सापडताक्षणी नियम मोडणारी. दुसरी बेवारस. आणि पहिलीची मालकीण दुसरीत घुसखोरी करून राहत होती. ती मीच.

संध्याकाळी ग्लेनिसचा फोन. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. टेरियरवाले गृहस्थ क्लाइव्हच्या ओळखीचे निघाले.

"लायसन्स जाणार म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"अगं, लाजायचं काय त्यात? खोलीला पडदे शिवलेत मी. फिकट पिवळे. क्लाइव्हने त्याचे चार बॅरोमीटरसुद्धा हलवले तिथून. त्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, हेझल."

"मला पिवळा आवडत नाही."

"सवय होईल. चारला चहा असतो आमचा, सातला गोल्फ बघतो टीव्हीवर. दारात चपला काढायच्या, एवढंच."

फोन ठेवून मी स्टोव्हपाशी बसले. लायसन्स नाही तर बोट नाही आणि बोट नाही तर ती खोली. क्लाइव्ह वाईट माणूस नाही. पण रोज चार वाजता त्यांच्यासमोर बसून हवेबद्दल चौदा वेगवेगळी मतं ऐकायची, आणि ग्लेनिसच्या चेहऱ्यावर ते "मी म्हटलं नव्हतं का", या विचारानेच मी स्टोव्हमध्ये आणखी दोन कोळसे टाकले. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. मूरहेन सोडून मला दुसरं घर नव्हतं आणि नकोही होतं.

मी कॉलिनला फोन केला. "हे बघ, मंगळवारी अकराला डोहावर ये. तुझ्या डोळ्यांदेखत बोट वळवते. एक बाजू बघ, मग दुसरी बघ."

"आपण एकट्या वळवणार?" त्याने विचारलं.

"मग काय वर्गणी काढून?"

मंगळवारी सकाळी सहालाच निघाले. चारही लॉक एकटीने पार केले. बोट आत घ्यायची, शिडीने वर चढायचं, चावीने झडप उघडून पाणी सोडायचं, खाली उतरायचं, बोट बाहेर काढायची, पुन्हा मागे येऊन दरवाजा लावायचा. चौथ्या लॉकनंतर माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले. पण पावणेअकराला डोह दिसला आणि माझी छाती फुगली. काठावर कॉलिन यंत्र घेऊन उभा होता. शेजारी टेरियरवाले गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी थर्मास आणला होता.

"मिस्टर नाही आले?" त्यांनी विचारलं.

वळण्याची रीत सोपी आहे. समोरच्या काठात खणलेल्या खाचेत बोटीचं नाक घालायचं, सुकाणू पूर्ण दाबायचं, शेपूट आपोआप फिरतं. ग्लेनिस हे चहा पिता-पिता करायची. मी नाक खाचेत घातलं. जरा जोरातच घातलं. तिथे गेल्या किती वर्षांचा गाळ होता देव जाणे. नाक त्यात रुतलं, शेपूट फिरत-फिरत काठच्या वाटेच्या दगडांत येऊन बसलं आणि मूरहेन या काठापासून त्या काठापर्यंत आडवी झाली. मी इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं. बोट ढिम्म.

"डावीकडे घ्या, डावीकडे!" टेरियरवाले गृहस्थ ओरडले.

"माझी डावी की तुमची?"

"माझ्या मेव्हण्याची!" ते म्हणाले असं मला ऐकू आलं. त्या वेळी मला काहीही ऐकू आलं असतं.

मी लांब बांबू घेऊन गाळात रोवला आणि सारा जीव लावून ढकललं. बांबू रुतला तर सोडून द्यायचा, हे कालव्यावर तान्ह्या मुलालाही माहीत असतं. मी सोडला, पण क्षणभर उशिरा. त्या क्षणात माझे पाय बोटीवर, हात बांबूवर आणि मधली मी पाण्यावर आडवी, अशी स्थिती होती. कॉलिनने सभ्यपणे आकाशाकडे पाहिलं. मी कशीबशी परत बोटीवर पडले. बांबू तिथेच झेंड्याच्या काठीसारखा उभा राहिला.

सुट्टीचे दिवस होते. अर्ध्या तासात दोन्हीकडे रांगा लागल्या. उत्तरेकडे तीन बोटी आणि दक्षिणेकडेही तीन, त्यांत सर्वांत पुढे नॉरीन. उत्तरेच्या लोकांना मूरहेनची हिरवी बाजू दिसत होती, दक्षिणेच्या लोकांना निळी. नॉरीन सोडून प्रत्येकाने कचेरीला फोन केला.

मध्ये, माझ्या शेपटापाशी, कॉलिन उभा होता. त्याने एक पाऊल उत्तरेला टाकलं. हिरवी. दोन पावलं दक्षिणेला टाकली. निळी, आणि वर पिवळ्या अक्षरांत 'मूरहेन', खाली नंबर. तो परत उत्तरेला गेला. असं त्याने चार वेळा केलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ही एकच बोट आहे."

मला रडूच फुटायचं राहिलं. "हो रे बाबा! हो!"

तेवढ्यात त्याचं यंत्र वाजलं, मग पुन्हा वाजलं, मग वाजतच राहिलं. तो वाचू लागला आणि त्याचा चेहरा उतरला.

"तीन तक्रारी आहेत की डोहावर हिरवी बोट आडवी आहे. आणि दोन तक्रारी आहेत की डोहावर निळी बोट आडवी आहे." त्याने बोटांवर मोजलं. "एकाच वेळी, एकाच ठिकाणी, पाच साक्षीदार. आता तर त्या दोनच आहेत, मॅडम."

"पण तू स्वतः बघितलंस ना!"

"मी एकटा आहे. ते पाच आहेत."

"मग ती हिरवी काढून टाक त्यातून."

"काढता येत नाही. कारण निवडावं लागतं." त्याने यंत्र माझ्यासमोर धरलं. तीन पर्याय होते. बोट इतरत्र गेली. बोट क्रेनने उचलली. बोट बुडाली. 'मुळात एकच होती' असा पर्याय कोणाला सुचला नव्हता.

इथे माझी एकतीस वर्षांची नोकरी कामी आली. बोट वळवणं मला येत नसेल, पण फॉर्म मला कुणी शिकवू नये.

"इतरत्र गेली म्हटलं की कुठे ते विचारणार," मी म्हटलं. "क्रेन म्हटलं की क्रेनवाल्याची पावती मागणार. बुडालीला काय मागतात?"

कॉलिनने बोट टेकवलं. "फक्त तारीख."

"आजची घाल."

"पण ती बुडालेली नाही!"

"कॉलिन, ती नव्हतीच. जी नव्हतीच ती बुडाली म्हणून कुणाचं काय बिघडतं?"

त्याने पाच मिनिटं विचार केला. स्वच्छ बुटांच्या माणसाला हे सोपं नसतं. मग त्याने डोळे मिटून यंत्र दाबलं. अकरा पंचेचाळीसला हिरवी बोट बुडाली. 'जीवितहानी' समोर त्याने माझ्याकडे एकदा बघून 'नाही' लिहिलं. आणि मूरहेनच्या पुढे 'दिसली' अशी खूण केली. लायसन्स वाचलं.

राहता राहिली बोट. ती अजून आडवीच होती.

"ओढू?" पलीकडून नॉरीनने विचारलं.

"नको!" मी ओरडले. मला स्वतःलाच कळेना मी का ओरडले. पण हे मीच करायचं होतं. मी कमरेला लॉकची चावी खोचली, शेपटावरून काठावर उडी मारली आणि चालू लागले.

"निघून चालल्या बघा!" टेरियरवाले गृहस्थ लोकांना सांगू लागले. "शेवटी बाईमाणूस!"

मी निघून जात नव्हते. दोनशे पावलांवर वरचं लॉक होतं आणि ते काठोकाठ भरलेलं होतं. त्यातलं सगळं पाणी मी खाली सोडलं. अशाने खालच्या पाण्याची पातळी दोन-तीन बोटं वर येते आणि रुतलेलं नाक सुटतं. दारं उघडणं, पाणी सोडणं ही नऊ वर्षं माझी बाजू होती. पाणी काय करतं ते मला ग्लेनिसपेक्षा जास्त कळतं, हे माझ्या त्या दिवशी प्रथम लक्षात आलं.

ठरल्याप्रमाणे पाणी चढलं. ठरल्याप्रमाणे मूरहेन सुटली. फक्त ती सुटली तेव्हा मी तिच्यावर नव्हते. धावत परत आले तर बोट वाऱ्यावर डौलात, कुठेही न टेकता, पूर्ण फिरत होती. इतकं सुंदर वळण ग्लेनिसनेसुद्धा कधी घेतलं नव्हतं. ते माझ्या बोटीने माझ्या गैरहजेरीत घेतलं.

"हेच मी सांगत होतो," टेरियरवाले गृहस्थ म्हणाले.

बोट आता वाटेल तिकडे निघाली असती, पण तिच्या दोराचं टोक कुणीतरी काठावरून पकडलं होतं. पायात घरातल्या मऊ चपला, अंगात बंगल्यातलं जाकीट. दोर पाठीमागून घेऊन, टाच रोवून, अठरा टन थोपवून धरले होते. ग्लेनिस! मागे क्लाइव्ह रिकामी खोकी घेऊन उभे होते. टेरियरवाल्या गृहस्थांकडून ऐकून ती माझं सामान न्यायला आली होती.

मी तोंड उघडलं. दोन महिने तिच्यासाठी जमवलेली वाक्यं ओठांवर होती. पण ग्लेनिस माझ्याकडे बघतच नव्हती. बोट वळली होती, त्यामुळे काठाकडे आता निळी बाजू आली होती. तिच्या हातचा निळा.

"तू ठेवलास," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मला वाटलं होतं, मी गेले त्याच दिवशी घासून काढशील."

दुसऱ्या हिरव्या डब्याचं झाकण मी सकाळीच सैल करून ठेवलं होतं. दुपारी लगेच सुरुवात करायची होती. डबा छपरावर, आम्हा दोघींच्या नाकासमोर होता. टेरियरने त्याच्याकडे बघून भुंकायला सुरुवात केली.

"हो," मी म्हटलं. "ठेवला." आणि मग, कारण ते खरं होतं आणि दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं, "आठवण येते गं तुझी."

"जमलं की तुला," ती म्हणाली आणि तिने दोर बांधला. मग डोळे पुसून म्हणाली, "गाठ मात्र अजून मीच चांगली मारते."

खोकी रिकामीच परत गेली. पिवळे पडदे तेवढे गाडीत होते, ते ती मूरहेनच्या खिडक्यांना लावून गेली. मला पिवळा अजूनही आवडत नाही. दर मंगळवारी ती चार वाजताचा चहा चुकवून माझ्याकडे येते आणि हवा कशी आहे ते आम्ही दार उघडून बघतो.

दुसरी बाजू मी रंगवली नाही. कशी रंगवणार? हिरवीवर नावही घालता येत नाही, कारण ती बुडालेली आहे. कचेरीने तिचा सांगाडा उचलण्याबद्दल पत्र पाठवलं. मी उत्तर दिलं की सांगाडा मूरहेनने ताब्यात घेतला आहे, आणि ते प्रकरण मिटलं.

अडचण एकच. कालव्यावर काही ठिकाणी काठची वाट पुलावरून पलीकडे जाते. तिथून पुढे काठाकडे माझी हिरवी बाजू येते आणि सरकारी नोंदीप्रमाणे मी पाण्याखाली असते. कॉलिन त्या भागातही येतो. यंत्र खिशात घालतो, वर झाडाकडे बघतो आणि खिडकीपाशी थांबतो. मी बुडालेल्या बोटीतून चहाचा कप बाहेर धरते. तो निमूटपणे घेतो, दोन चमचे साखर घालून.